खोल समुद्रातील भोवरे : पाण्याची गाठोडी कुठून कुठे जातात?

क्षारपड

१९७६ साली बहामा बेटांजवळच्या समुद्रात मोजमापे घेत असताना स्कॉट मॅकडॉवेल आणि थॉमस रॉस्बी या दोघांना सुमारे एक किलोमीटर खोलीवर एक विचित्र गोष्ट आढळली. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे उबदार आणि खारट असलेल्या पाण्याचा एक चपटा गोळा तिथे स्वतःभोवती फिरत होता. इतके खारट आणि उबदार पाणी त्या खोलीवर येणार कुठून, असा विचार केल्यावर बोट भूमध्य समुद्राकडे गेले; म्हणजे जवळपास सहा हजार किलोमीटर दूर. १९७८ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. अशा भोवऱ्यांना पुढे 'मेडी' हे नाव पडले. मेडिटरेनियन (भूमध्य) आणि एडी (भोवरा) या दोन शब्दांचा तो सांधा आहे.

मी गोव्यात सागरविज्ञान शिकलो, पण गेली अठरा वर्षे पोट भरतो ते वेगळ्याच धंद्यावर. तरीही हा विषय डोक्यातून गेलेला नाही, आणि त्याचे कारण एक नकाशा आहे. अटलांटिकमधील हजार मीटर खोलीवरची क्षारता दाखवणारा नकाशा बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो. त्यात जिब्राल्टरपासून पश्चिमेकडे निमुळती होत गेलेली खाऱ्या पाण्याची एक लांबलचक जीभ दिसते. विद्यार्थी असताना मी असेच समजत होतो की भूमध्य समुद्राचे पाणी शाई पसरावी तसे हळूहळू अटलांटिकमध्ये पसरत जाते. ती जीभ अनेक दशकांच्या मोजमापांची सरासरी काढून आखलेली आहे, आणि प्रत्यक्ष समुद्रात कोणत्याही एका दिवशी तसे काही दिसत नाही, हे मला फार उशिरा कळले. प्रत्यक्षात त्या पाण्याचा मोठा हिस्सा गाठोडी बांधून प्रवास करतो, आणि मधल्या जागेत नेहमीचे अटलांटिकचे पाणी असते.

ही गाठोडी बांधली कशी जातात ते थोडक्यात सांगतो. भूमध्य समुद्रात पाऊस आणि नद्या मिळून जितके पाणी येते त्याहून अधिक बाष्पीभवनाने उडून जाते. त्यामुळे तिथले पाणी खारट आणि जड होते. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत वरच्या थरातून अटलांटिकचे हलके पाणी आत येते आणि तळाशी जड पाणी बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३८.४ ग्रॅम मीठ असते, तर आत येणाऱ्या पाण्यात सुमारे ३६.२ ग्रॅम. सामुद्रधुनीतला उंबरठा जेमतेम तीनशे मीटर खोल आहे. तो ओलांडला की हे पाणी सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने काडिझच्या आखाताच्या उतारावरून खाली घसरते, वाटेत अटलांटिकचे पाणी स्वतःत ओढून घेत पातळ होत जाते, आणि साधारण ८०० ते १३०० मीटर खोलीवर आपल्याच घनतेचा थर भेटल्यावर थांबते. तिथून ते पोर्तुगालच्या खंडान्त उताराला (किनाऱ्यापुढे समुद्रतळ जिथे झपाट्याने खोल होतो त्या उताराला) चिकटून पश्चिमेकडे वाहू लागते. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे जाणवणारे कोरिऑलिस बल प्रवाहाला उजवीकडे ढकलते, म्हणून उतार कायम उजव्या हाताला राहतो, आणि उताराशी होणाऱ्या घर्षणामुळे प्रवाहाच्या त्या कडेला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेचा पीळ बसतो. पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला, सेंट व्हिन्सेंट भूशिरापाशी किनारा एकदम उत्तरेला वळतो. वेगात असलेल्या पाण्याला ते वळण घेता येत नाही. ते उतार सोडून मोकळ्या समुद्रात सुटते आणि अंगातल्या पिळामुळे स्वतःभोवती गुंडाळले जाते. गाठोडे बांधले जाते ते इथे. पोर्तिमाओची समुद्रतळाशी असलेली घळ हेही असेच एक ठिकाण आहे.

तयार झालेल्या मेडीचा मध्य हजार-अकराशे मीटर खोलीवर असतो, तापमान आसपासपेक्षा चार अंशांपर्यंत जास्त असते आणि क्षारता किलोमागे एका ग्रॅमपर्यंत जास्त असते. साधारण सहा दिवसांत गाभा स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. या विषयावर इथे पूर्वी लिहिले गेल्याचे मला सापडले नाही. कोणाला काही भर घालायची असल्यास किंवा माझे काही चुकले असल्यास अवश्य लिहावे.

तिरफळ

लेख आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की पाणी जर इतके खारट आहे तर ते जड असणार, मग ते तळाशी न जाता मध्येच हजार मीटरवर कसे थांबते? दुसरी शंका जास्त मूलभूत आहे. स्वयंपाकघरात आमटी ढवळताना भोवरा होतो तेव्हा मीठ चटकन सगळीकडे पसरते. म्हणजे भोवऱ्याचे काम मिसळणे हे आहे. तुम्ही मात्र म्हणता की समुद्रातला भोवरा पाणी बांधून नेतो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात?

क्षारपड

पहिल्या शंकेचे उत्तर तापमानात आहे. हे पाणी खारट आहे तसे उबदारही आहे. मिठामुळे वाढलेले वजन उष्णतेमुळे बरेचसे कमी होते, शिवाय उतारावरून घसरताना त्यात अटलांटिकचे हलके पाणी मिसळलेले असते. सामुद्रधुनीतले निव्वळ पाणी वाटेत काहीही न मिसळता खाली गेले असते तर ते तळापर्यंतही पोहोचले असते. तळाकडचे अटलांटिकचे पाणी ध्रुवाकडून आलेले आणि फार थंड आहे, आणि पातळ झालेले भूमध्य पाणी त्याहून हलके ठरते. म्हणून ते मधल्या थरात अडकते.

दुसरी शंका महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर वेगांच्या तुलनेत आहे. मेडीच्या आत पाणी सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर वेगाने फिरते, तर सबंध मेडी पुढे सरकते ती सेकंदाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. फिरण्याचा वेग जेव्हा सरकण्याच्या वेगाहून इतका जास्त असतो तेव्हा आतला पाण्याचा कण बाहेर सुटायच्या आत पुन्हा फिरून मागे येतो. त्याची वाट आतल्या आत बंद होते. सरकण्याचा वेग जास्त असता तर पाणी मागे राहिले असते आणि नुसती लाट पुढे गेली असती. ज्वारीच्या शेतावरून वारा जातो तेव्हा लाट पुढे जाते पण ताटे जागीच राहतात, तसे. मेडी ही त्या अर्थाने लाट नव्हे.

आमटीचे म्हणाल तर तिथे डाव तुम्ही फिरवता, भांड्याच्या तळाशी आणि कडांशी घर्षण आहे, आणि पाण्यात एकावर एक वेगळ्या घनतेचे थर नाहीत. समुद्रात या थरांमुळे वर-खाली ढवळणे फार कष्टाचे असते. मिसळण होते ती कडेला. गाभा मात्र बराच काळ कोरा राहतो.

दर्यासारंग

माझी सगळी हयात व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली आणि जिब्राल्टरमधून मी किती वेळा गेलो याची गणती ठेवलेली नाही. तिथे आत जाताना प्रवाह पाठीवर घेऊन जातो आणि बाहेर येताना त्याच्याविरुद्ध इंधन जाळावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पायाखाली दोन-तीनशे मीटरवर पाणी उलट्या दिशेने धावते आहे याची जहाजावर काहीच जाणीव होत नाही. आमच्या वेळचे एक वयस्कर सहकारी सांगत की दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या इंजिने बंद करून वरच्या प्रवाहाबरोबर गुपचूप आत जात आणि तळाच्या प्रवाहाबरोबर तशाच गुपचूप बाहेर येत. यात तथ्य आहे का?

पूर्वाई

दर्यासारंगकाका, या गोष्टीचा पूर्वार्ध खरा आहे. आत जाताना पाणबुड्यांनी वरच्या प्रवाहाचा फायदा घेतला. उत्तरार्धाची अडचण अशी की १९४१ पासून भूमध्य समुद्रात शिरलेल्या जर्मन पाणबुड्यांपैकी एकही परत अटलांटिकमध्ये आली नाही. त्यामुळे तळाच्या प्रवाहावर स्वार होऊन बाहेर आल्याची गोष्ट सांगायला कोणी उरण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन थरांतला उलटसुलट प्रवाह प्रथम नीट समजून घेतला तो मात्र जिब्राल्टरमध्ये नव्हे, बॉस्फरसमध्ये. लुइजी फेर्दिनांदो मार्सिली हा इटालियन तरुण १६७९ साली कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) गेला. खाली उलटा प्रवाह आहे हे तिथल्या कोळ्यांना ठाऊकच होते. मार्सिलीने पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधलेली दोरी पाण्यात सोडली आणि खालचे तुकडे वरच्यांच्या विरुद्ध दिशेला झुकलेले त्याला दिसले. नंतर त्याने पडद्याने दोन भाग केलेली एक पेटी घेतली, एका भागात खारे आणि दुसऱ्यात कमी खारे पाणी भरले, पडद्याला खाली-वर भोके ठेवली, आणि खालच्या भोकातून जड पाणी एका बाजूला व वरच्या भोकातून हलके पाणी दुसऱ्या बाजूला वाहते हे दाखवून दिले. हा प्रयोग आजही घरच्या काचेच्या टाकीत होऊ शकतो, फक्त एका पाण्यात थोडा रंग टाकावा लागतो.

विसर्ग

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त अभियंता आहे. आमच्या डोक्यात कोणतेही पाणी टीएमसी आणि क्युसेकमध्येच शिरते, म्हणून जरा हिशेब केला. तो चुकत असल्यास दुरुस्त करावा.

मेडीचा फिरणारा बाह्य भाग धरला तर तिचा व्यास शंभर किलोमीटरपर्यंत जातो असे वाचले, पण मी फक्त गाभा धरला. व्यास ६० किलोमीटर आणि मध्यभागी जाडी ६०० मीटर घेतली, तर घनफळ साधारण ११०० घनकिलोमीटर येते. हे झाले सुमारे ३९ हजार टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. म्हणजे पूर्ण भरलेली सुमारे ३७० कोयना धरणे एकाच गाठोड्यात बसतात. त्यात आसपासच्या पाण्यापेक्षा किलोमागे सरासरी ०.७ ग्रॅम मीठ जास्त धरले तर जादा मीठ ७७ कोटी टन भरते. मी हे आकडे तीन वेळा तपासले, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

आता वर्षाला अशा किती मेडी तयार होतात?

क्षारपड

विसर्गसाहेब, आपला हिशेब अगदी योग्य दिशेला आहे. एमी बोवर आणि सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यापाशी वाहत्या प्रवाहातच तरंगक (पाण्याबरोबर वाहत जाणारी यंत्रे) सोडून मेडी जन्माला येताना पाहिल्या आणि वर्षाला पंधरा ते वीस असा अंदाज बांधला. पुढे २००० साली फिलिप रिचर्डसन, बोवर आणि वॉल्टर झेंक यांनी तोवरच्या सर्व नोंदी एकत्र करून मेडींची शिरगणती केली. तिच्यात वर्षाला १७ मेडींचा जन्म, सरासरी आयुष्य १.७ वर्षे, आणि कोणत्याही क्षणी अटलांटिकमध्ये साधारण २९ मेडी असे आकडे आले. (१७ ला १.७ ने गुणले की २९ येतात, त्यामुळे तिसरा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही.)

आपल्या ११०० घनकिलोमीटरला १७ ने गुणून सेकंदावर आणले तर सेकंदाला सुमारे सहा लाख घनमीटर होतात. उतारावरून घसरून, अटलांटिकचे पाणी ओढून घेऊन स्थिरावलेला एकूण प्रवाह साधारण वीस लाख घनमीटरच्या आसपास मानला जातो. म्हणजे सुमारे तीस टक्के पाणी गाठोड्यांतून जाते. प्रसिद्ध अंदाज पाव ते निम्मा हिस्सा असे आहेत. उरलेले पाणी उताराला धरून उत्तरेकडे जाते किंवा तुटक धाग्यांसारखे विखुरते.

विसर्ग

सहा लाख घनमीटर म्हणजे दोन कोटी क्युसेकच्या वर. आम्ही पंचवीस हजार सोडले तरी नदीकाठच्या गावांना रात्रभर झोप नसे.

तिरफळ

आकार नीट समजावा म्हणून विचारतो. सर्वत्र याला 'भिंग' म्हणतात. ६० किलोमीटर रुंद आणि ६०० मीटर जाड म्हणजे शंभरास एक. भिंग काय, मसुराचा दाणासुद्धा इतका चपटा नसतो. वीत-सव्वा वीत रुंदीची आणि दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पोळी घेतली तर ते प्रमाण जमते. तेव्हा मेडी ही फिरती पोळी आहे, भिंग नव्हे, असे मी नोंदवू इच्छितो.

पूर्वाई

पोळी मान्य आहे, फक्त ती मधे फुगलेली आणि कडांना निमुळती धरावी.

पण मला मूळ लेखातल्या एका गोष्टीवर बोलायचे आहे, कारण ती बऱ्याच ठिकाणी तशीच उद्धृत होत राहते. बहामाजवळचा तो १९७६ चा भोवरा भूमध्य समुद्रातून आला होता, हे आज तितके पक्के मानले जात नाही. १९९९ साली मार्क प्रेटर आणि खुद्द थॉमस रॉस्बी यांनी वेगळी शक्यता मांडली. त्यांच्या मते तो भोवरा वायव्य अटलांटिकमध्ये, न्यूफाउंडलंडच्या बाजूला, उत्तर अटलांटिक प्रवाहाच्या परिसरात बनलेला असावा. तिथले उबदार-खारट पाणी पृष्ठभागावरून खाली दबले गेले आणि दक्षिणेकडे वाहत आले, अशी ती मांडणी आहे. म्हणजे ज्या नमुन्यावरून 'मेडी' या कल्पनेची सुरुवात झाली, तोच बहुधा मेडी नव्हता.

यातून पाण्याची ओळख पटवण्याच्या पद्धतीची मर्यादा दिसते. आपण तापमान आणि क्षारता यांची जोडी पाहतो आणि तिला बोटाचा ठसा समजतो. पण दोन वेगळ्या ठिकाणी जन्मलेल्या पाण्याची जोडी जवळपास सारखी येऊ शकते, विशेषतः लांबच्या प्रवासात दोन्ही पातळ झाल्यावर. अशा वेळी पाण्याने केलेला प्रवासही तपासावा लागतो. सेकंदाला दोन सेंटिमीटर वेगाने सहा हजार किलोमीटर जायला नऊ-साडेनऊ वर्षे लागतील आणि शिरगणतीत सरासरी आयुष्य १.७ वर्षे निघते. हा मेळ बसत नाही.

क्षारपड

पूर्वाईताई, आपली दुरुस्ती मान्य आहे. ती गोष्ट मला ठाऊक होती, तरी सुरुवात आकर्षक व्हावी म्हणून मी ती अर्धीच सांगितली, ही माझी चूक. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षाला एकवीस वर्षांनी स्वतःच पर्याय देणाऱ्या रॉस्बी यांच्याविषयीचा माझा आदर मात्र यामुळे वाढतो.

जिचा उगम आणि प्रवास निर्विवाद आहे अशी मेडी म्हणजे 'शॅरन'. लॉरेन्स आर्मी आणि सहकाऱ्यांनी १९८४ ते १९८६ अशी दोन वर्षे तिचा पाठलाग केला. तिच्या पोटात ध्वनी सोडणारे तरंगक ठेवलेले होते, आणि चार वेळा जहाजाने गाठून तिची सविस्तर मोजणी झाली. दोन वर्षांत ती सुमारे ११०० किलोमीटर दक्षिणेला सरकली. पहिल्या मोजणीत तिचा गाभा जवळपास एकजिनसी होता. नंतर कडांकडून त्यात बाहेरच्या पाण्याच्या पातळ आडव्या जिभा घुसू लागल्या, वर्षभरात त्या मध्यापर्यंत पोहोचल्या, आणि अखेरीस बहुतेक जादा मीठ निघून गेले.

हे घुसणे कशामुळे होते हे फार रंजक आहे. पाण्यात उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते. मेडीच्या खालच्या बाजूला उबदार-खारट पाणी वर आणि थंड-कमी खारट पाणी खाली अशी मांडणी असते. वरच्या पाण्याचा एखादा थेंब किंचित खाली उतरला की त्याची उष्णता चटकन निघून जाते पण मीठ तसेच राहते, त्यामुळे तो जड होऊन आणखी खाली जातो. अशा असंख्य बारीक धारा तयार होतात. त्यांना 'मिठाची बोटे' म्हणतात आणि त्यांची जाडी काही सेंटिमीटर असते. कडांवरच्या त्या आडव्या जिभांनाही हाच असमतोल ढकलतो. एकोणचाळीस हजार टीएमसीचे गाठोडे शेवटी बोटाएवढ्या धारांनी सुटते.

सगळ्यांच्या वाट्याला असे सावकाश मरण येत नाही. त्याच शिरगणतीचा अंदाज आहे की सुमारे नव्वद टक्के मेडी कधी ना कधी जलमग्न पर्वतांवर आदळतात. काही तिथेच फुटतात, काही लहान होऊन पुढे जातात. अझोर्स आणि कॅनरी बेटांच्या दरम्यान असे पर्वत पुष्कळ आहेत. त्यामुळे मीठ कुठे ओतले जाईल हे बऱ्याच अंशी समुद्रतळाचा आकार ठरवतो. नकाशावरच्या त्या जिभेचा आकार वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

दर्यासारंग

ध्वनी सोडणारे तरंगक म्हणजे काय? हजार मीटर खोलीवर एखादी वस्तू न बुडता, न वर येता कशी राहते?

क्षारपड

याचा मान जॉन स्वॅलो या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे जातो. समुद्राचे पाणी दाबाखाली थोडे आकसते आणि जड होते. त्याहून कमी आकसणारी पोकळ नळी घेतली आणि तिचे वजन अगदी अचूक राखले, तर ती ठरावीक खोलीपर्यंत बुडते आणि तिथे तिचे व पाण्याचे जमते. स्वॅलोने १९५५ साली बांधकामाच्या परांचीला वापरतात तशा अॅल्युमिनियमच्या नळ्या आणल्या आणि हव्या त्या जाडीपर्यंत पातळ करण्यासाठी त्या कॉस्टिक सोड्यात बुडवल्या. आत ठरावीक वेळाने आवाज करणारे यंत्र बसवले. जहाजाने तो आवाज ऐकत मागे फिरायचे.

१९५९-६० मध्ये 'एरिस' या छोट्या जहाजावरून बर्म्युडाजवळ असे तरंगक दोन ते चार किलोमीटर खोलीवर सोडले गेले. खोल समुद्रातले पाणी फार संथ, एकाच दिशेने सरकते, असा तोवरचा समज होता. म्हणून एक तरंगक कित्येक आठवडे शोधता येईल अशी योजना होती. प्रत्यक्षात ते अपेक्षेच्या कितीतरी पट वेगाने धावू लागले, आणि जवळजवळ सोडलेले दोन तरंगक वेगळ्याच दिशांना गेले. जहाजाला त्यांच्यामागे पळता पळता नाकी नऊ आले. खोल समुद्रही भोवऱ्यांनी भरलेला आहे हे पहिल्यांदा कळले ते असे.

नंतरच्या सोफार तरंगकांचा आवाज शेकडो किलोमीटरवरच्या ध्वनिग्राहकांना ऐकू येई. रॉस्बी यांनी पुढे ही मांडणी उलटी केली: आवाज एका जागी बांधलेले स्रोत करतात, तरंगक फक्त ऐकतो आणि शेवटी वर येऊन उपग्रहाला सगळी नोंद देतो. म्हणून नावही उलटे, राफोस.

तिरफळ

हे सगळे अटलांटिकचे झाले. आपल्या अरबी समुद्राच्या शेजारीही तांबडा समुद्र आणि इराणचे आखात असे दोन खारट हौद आहेत. तिथून असे काही येते का?

पूर्वाई

येते, आणि मी त्याच पाण्यावर काम केले आहे. होर्मुझमधून बाहेर पडणारे आखाताचे पाणी ओमानच्या आखातात उतरून साधारण दोनशे ते साडेतीनशे मीटरवर स्थिरावते. तांबड्या समुद्राचे पाणी बाब-एल-मांदेबचा सुमारे १३७ मीटर खोल उंबरठा ओलांडून एडनच्या आखातात येते आणि अरबी समुद्रात पाचशे ते आठशे मीटरच्या पट्ट्यात सापडते. मेडीच्या चालीवर यांच्या भोवऱ्यांना 'पेडी' आणि 'रेडी' म्हणतात.

विद्यार्थिदशेत मी एका संशोधन जहाजावर गेले होते. सौराष्ट्राच्या नैऋत्येला रात्री अडीच वाजता आमचे सीटीडी यंत्र (खोलीनुसार क्षारता आणि तापमान मोजणारे) पाण्यात उतरत होते. विंचवरून केबल सुटते, यंत्र सेकंदाला साधारण एक मीटर खाली जाते, आणि पडद्यावर क्षारतेची रेघ हळूहळू खाली उमटत जाते. पृष्ठभागाजवळ अरबी समुद्राच्या स्वतःच्या खाऱ्या पाण्याचा उंचवटा आला. मग रेघ आत वळली, आणि २७० मीटरच्या आसपास ती पुन्हा बाहेर सरकली, एखाद्या साडीच्या काठावर वेल उमटावी तशी. आमचे मार्गदर्शक चहाचा पेला खाली न ठेवता म्हणाले, "हे होर्मुझचे." काही आठवड्यांनी परतीच्या वाटेवर तिथेच पुन्हा यंत्र सोडले, तर तो मधला उंचवटा जवळपास नव्हताच. मी त्या रात्री यंत्राच्या मोजणीवरच संशय घेऊन बाटल्यांतले नमुने पुन्हा तपासत बसले होते. नमुने बरोबर होते. पाणी बदलले होते. क्षारपड म्हणतात ती गाठोडी मला तेव्हा समजली.

पण अरबी समुद्राला मेडीचे चित्र जसेच्या तसे लावू नये. २००१ साली एडनच्या आखातात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मोठी मोजणी मोहीम झाली. तिच्यात असे दिसले की तिथे पृष्ठभागावरचे मोठे भोवरेच इतके खोल पोहोचतात की तांबड्या समुद्राचे पाणी त्यांच्या कडांवरून ओढले आणि ढवळले जाते. ओमानच्या आखातातही पृष्ठभागावरचे भोवरे उताराला चिकटलेले आखाताचे पाणी ओढून खोल समुद्रात फेकतात. म्हणजे गाठोडे स्वतः बांधले जाण्याऐवजी दुसरे कोणी ते ओरबाडून नेते. शिवाय तांबड्या समुद्राचा बहिर्वाह हिवाळ्यात जोरात असतो आणि उन्हाळी मोसमात अगदी क्षीण होतो. जिब्राल्टरला असे मोसमी वेळापत्रक नाही.

याचा आपल्याशी संबंध ऑक्सिजनमुळे येतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी हा एक आहे, आणि गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यावर अनेक दशके काम चालू आहे. आखाताचे पाणी अलीकडेच पृष्ठभागावर हवेच्या संपर्कात आलेले असते, म्हणून ते या पट्ट्याच्या वरच्या भागात ऑक्सिजन घेऊन येते. आखात तापले तर ते पाणी हलके होईल, कमी खोलीवर थांबेल आणि ही रसद पट्ट्यापर्यंत पोहोचणार नाही, असा इशारा प्रतिमानांवर (संगणकी मॉडेलांवर) आधारलेल्या अभ्यासांनी दिला आहे.

विसर्ग

प्रतिमानांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. हवामानाच्या प्रतिमानांत समुद्राचे चौकोन पाडलेले असतात असे ऐकतो. ६० किलोमीटरची पोळी शंभर किलोमीटरच्या चौकोनात दिसणार कशी?

क्षारपड

दिसत नाहीच. जिथे चौकोन इतका मोठा असतो तिथे भोवऱ्यांचे काम एका सूत्राने अंदाजे भरून काढतात, आणि त्या सूत्रात पाणी शाईसारखे पसरते. सरासरी नकाशा त्यातून ठीकठाक येतो. पण मीठ कुठल्या पर्वतापाशी ओतले गेले आणि किती कोरे राहून तिथवर पोहोचले, हे येत नाही. चौकोन दहा किलोमीटरहून लहान केले की मेडीसारख्या आकृत्या आपोआप उमटू लागतात, परंतु मिठाची बोटे तरीही सूत्रातच राहतात.

दर्यासारंग

हल्ली अर्गो नावाचे हजारो तरंगक जगभर सोडलेले आहेत म्हणे. मग आता मेडी शोधणे सोपे झाले असेल.

क्षारपड

काही अंशी झाले आहे. अर्गोचा तरंगक हजार मीटरवर मुक्काम करतो, म्हणजे योगायोगाने बरोबर मेडीच्या पोटातल्या खोलीवर, आणि दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत पृष्ठभागावर येतो. त्या रेघेत मेडी चटकन ओळखू येते. अडचण वेळेची आहे. राफोस तरंगक मेडीत सापडला तर त्याची वाट नकाशावर एकात एक अडकलेल्या वेटोळ्यांची, ताणलेल्या स्प्रिंगसारखी दिसते. अर्गोचा तरंगक दहा दिवसांतून एकदाच आपली जागा सांगतो आणि गाभ्याची फेरी सहा दिवसांत पूर्ण होते. त्यामुळे नकाशावर ठिपके इकडेतिकडे पडलेले दिसतात, वेटोळे दिसत नाही. शिवाय वर-खाली करताना तो मेडीच्या बाहेरच्या प्रवाहांत सापडतो, आणि एखाद-दुसऱ्या फेरीनंतर परत खाली उतरतो तेव्हा गाठोडे बाजूने निघून गेलेले असते.